एकतीस कलमांची सकाळ

कवी मधुसूदन तारळेकरांनी टेबलावर वही ठेवली आणि छाती भरून श्वास घेतला. डॉ. वैजयंती सामंतांनी वही उघडली, आणि चार पानं उलटली.

वहीत एकतीस कविता होत्या. प्रत्येकीला क्रमांक होता आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल शाईने बरोबरची खूण केली होती.

“सात नंबरची वाचा,” तारळेकर म्हणाले. “माझी सगळ्यात लाडकी.”

वैजयंतीबाईंनी वाचली.

‘एक : तिचा हात हातात घ्यावा. दोन : हात कोरडा असल्याची खात्री करावी. तीन : डोळ्यांत पाहावे. चार : ओलावा आढळल्यास नोंद करावी.’

“कशी आहे?”

“वेगळी आहे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून एवढंच जमलं.

“वेगळी म्हणजे काय, क्रांती आहे!” तारळेकरांचे डोळे भरून आले. “बाई, बारा वर्षं माझी प्रत्येक कविता सांजवेळेला येऊन संपायची. लग्नाची लिहा, निवडणुकीची लिहा, शेवटी आपली सांजवेळ हजर. तुमच्या यंत्राने ती पीडा गेली. तुमचे उपकार कसे फेडू?”

ते गेल्यावर वैजयंतीबाई बराच वेळ त्या लाल खुणांकडे बघत बसल्या. उपकार? अहो, या माणसाला आपण एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात घातलं, आणि तो बिचारा खालून आभार मानतोय!

ही गोष्ट कोल्हापुरातली. साल म्हणाल तर फार लांबचं नाही. बसगाड्यांचा आवाज तेवढा बंद झाला होता, गल्लोगल्ली हवेतून पाणी काढणारी हवापाणी यंत्रं बसली होती, आणि माणसं तरीही एकमेकांच्या दारात उभी राहून तासतास बोलत होती. रंकाळ्याच्या अलीकडे एका जुन्या दुमजली इमारतीत ‘विचारवळण संशोधन केंद्र’ तीन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. ज्यांची बुद्धी एकाच जागी अडकून बसली आहे, त्यांना सोडवायचं, हा केंद्राचा उद्योग. चित्रकार यायचे, शिक्षक यायचे, एकदा एक वकीलही आले होते.

वैजयंतीबाईंनी पलीकडच्या इमारतीतून इरफान मुजावरला बोलावून घेतलं. यंत्राचं सगळं गणित याने बसवलेलं. दिवसभर गणकयंत्रांच्या गारठ्यात स्वेटर घालून बसायचा आणि माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास ठेवायचा.

“या वर्षीच्या सगळ्यांचं काय चाललंय ते सांग,” बाई म्हणाल्या.

“मूर्तिकार सूर्यवंशी,” इरफानने कागद काढला. “वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे माती लावतात. गणपतीचा मुकुट झालाय, सोंड अर्धी झालीय, बाकी काही नाही. विचारलं तर म्हणाले, अजून कलम चौदावरच आहे. नृत्य बसवणाऱ्या कुलकर्णीबाई नाचाआधी मुलींची हजेरी घेतात, नाच झाल्यावर घेतात, आणि मध्येही एकदा.”

“आणि पहिल्या वर्षीचे?”

“ते सगळे भन्नाट! ते भूगोलाचे मास्तर आठवतात? आता नदी समुद्रापासून उगमाकडे शिकवतात. पोरं वर्ग सुटला तरी उठत नाहीत. दुसऱ्या वर्षीचे ठीकठाक. आणि तिसऱ्या वर्षीचे हे असे.”

बाई उठून फेऱ्या मारू लागल्या. “आपण पहिल्यापासून मांडू. माणसापुढे काही नवं आलं की पहिल्या एक-तृतीयांश सेकंदात त्याचा मेंदू एका बाजूला वळतो. हे पहिलं वळण. पुढचा सगळा विचार मग त्याच वाटेने जातो. तीच वाट रोज तुडवली की ती खोल होते, आणि माणसाला वाटायला लागतं की दुसरी वाटच नाही.”

“आपला वळणटोप डोक्यावर ठेवला की मंद प्रवाहाने ती वाट चाळीस मिनिटं सैल होते,” इरफान म्हणाला. “पण नुसती सैल करून सोडली तर परत जुन्या जागीच घट्ट होते. म्हणून त्या चाळीस मिनिटांत आपण मेंदूला एक संदर्भ-आलेख पुरवतो. कोरा आलेख. मिठाच्या पाण्याने भरलेल्या नकली डोक्यावरून रोज सकाळी शून्यचाचणीत घेतलेला. त्यात कसलंच वळण नाही.”

“म्हणजे माणूस नुसता मोकळा व्हायला हवा. मग या याद्या येतात कुठून?”

इरफान कागद पुन्हा चाळू लागला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी चढ्या आवाजात बोलताना ऐकू आलं आणि दार धाडकन उघडलं.

“डाक्टरीणबाई कोण? मी श्रीपती मगदुमांच्या घरनं आलोय.”

आलेली बाई पन्नाशीची, ठसठशीत कुंकवाची. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, गेलो’च म्हणतात, आणि त्या तसं म्हणाल्या की समोरच्याने खुर्ची सरकवून द्यावी हे बरं. वैजयंतीबाईंनी सरकवून दिली.

“मी आक्काताई. माझ्या माणसाचं तुमी काय केलासा?”

श्रीपती मगदूम म्हणजे केंद्राचे यंत्रसहायक. वय छप्पन्न. बावीस वर्षं फौंड्रीत साचे करून इथे आलेले. केंद्रात सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्या वर्षी हा माणूस म्हणजे केंद्राचा जीव होता. लोक डोक्याला तेल चोपडून यायचे आणि टोप सटकायचा. टोप बनवणाऱ्यांनी त्यावर बारा पानी सल्ला पाठवला. मामांनी तो वाचलाही नाही, डाळीचं पीठ आणलं आणि लोकांची डोकी चोळली. कुठलीही अडचण आली की ते ती मागच्या बाजूने धरायचे. सगळे ‘टोप घट्ट कसा करू’ म्हणत होते, मामा म्हणाले, ‘डोकं खरखरीत करू या.’

“काय झालं त्यांना?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“परवा खिडकीची कडी तुटली. आदीचा माणूस असता तर त्यानं दाराची कडी काढून खिडकीला लावली असती, मग दार कशानं लावायचं ह्यात निम्मा दिवस घालवला असता. मी शिव्या घातल्या असत्या. पर सांजच्याला दोनीबी लागली असती! आता काय केलं ठावं हाय? कागद घेऊन बसले. एक, कडी तुटल्याची खात्री करावी. दोन, तुटलेली कडी बाजूला ठेवावी. सात कलमं झाली आनि झोपले. खिडकी अजून उघडीच हाय.”

इरफानला हसू आलं. आक्काताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी मावळलं.

“हसू नगोस, बाबा. लगीन होऊन चौतीस वर्सं झाली. गरिबी बघितली, आजारपणं बघितली, पर ह्या माणसानं मला एक दिवस कंटाळू दिलं न्हाई. संसाराला मी त्याच्याच जिवावर उभी ऱ्हायलो. आता सकाळी उठून माझ्याकडं बघत्यात त्येबी क्रमानं. आदी कपाळ, मग कान, मग हात.” त्यांचा आवाज एकदम चिरकला. “हितं येऊनच हे झालंय. मला बाकी काय नगो. माझा माणूस मला परत द्या.”

वैजयंतीबाईंनी त्यांचा हात धरला. आपला सहायक गेली दोन वर्षं गप्प गप्प झालाय हे त्यांना दिसत होतं. वय झालं असेल, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला होता. माणसांच्या डोक्यांचा अभ्यास करणारी बाई, आणि रोज समोर दिसणारं डोकं बघायचं राहून गेलं. त्यांना याची लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वैजयंतीबाई, इरफान आणि आक्काताई चाचणीच्या खोलीबाहेर काचेआड उभे राहिले. मामा आत आले. त्यांनी हात धुतले, वळणटोपाला नमस्कार केला. मिठाच्या पाण्याचं नकली डोकं कोपऱ्यातल्या फळीवर टॉवेल पांघरून बसलं होतं. मामांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी टोप सरळ स्वतःच्या डोक्यावर चढवला, कळ दाबली, आणि भिंतीवरची यादी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“एक. टोप कोरडा असल्याची खात्री करावी. दोन. गाद्या ओल्या असल्याची खात्री करावी. तीन...”

एकतीसपर्यंत. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, मनापासून. शाळेत प्रार्थना म्हणावी तसा.

“या अल्लाह!” इरफानने कपाळाला हात लावला आणि तो आत धावला. “मामा! हा टोप तुमच्या डोक्यावर कशाला?”

“शून्यचाचणी,” मामा शांतपणे म्हणाले.

“ती त्या मीठडोक्यावर करायची असते!”

“आवं, दिवसाची पयली भवानी निर्जीव डोक्याची?” मामांना मनापासून नवल वाटलं. “फौंड्रीत बी मी पयला साचा माझ्या हातनं वतायचो. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टोप चढवायच्या आदी आपल्या डोक्यावर नगो व्हय? काय इजा झाली तर आपल्याला हुंदे. म्याडमना ठावं हाय की.”

वैजयंतीबाईंनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी बघितलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. काय जीव लावून काम करतो माणूस, असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. इरफानला सांगायचं राहिलं. इरफान पलीकडच्या इमारतीत, आणि ही काय सांगायची गोष्ट आहे?

“दिवसाचा पहिला आलेख तो कोरा आलेख, असं मी यंत्राला शिकवलंय,” इरफान मटकन खुर्चीत बसला. “यंत्र कानात एक अनपेक्षित ठोका देतं आणि डोकं कुठे वळतं ते टिपतं. मीठडोकं कुठेच वळत नाही. मामांचं वळतं! तीन वर्षं लोकांना मी मोकळं वळण देतोय म्हणून खूश होतो. मी त्यांना मामांचं वळण देत होतो.”

“म्हणून पहिल्या वर्षीचे भन्नाट,” वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या.

“आणि या वर्षीचे असे. मामा बदलत गेले तसे लोक बदलत गेले.”

“पर ह्ये बदलले कशानं?” आक्काताईंनी विचारलं. खरा प्रश्न तोच होता.

सगळ्यांचे डोळे एकदम भिंतीवरच्या यादीकडे गेले. पहिलं वर्ष संपता संपता एका गिऱ्हाइकाला टोपाच्या कोरड्या गादीने चटका बसला होता. त्याच संध्याकाळी वैजयंतीबाईंनी एकतीस कलमं लिहून काढली आणि मामांना बजावलं, ‘रोज सकाळी टोप चालू केल्यावर मोठ्याने वाचायची. एक शब्द गाळायचा नाही.’ मामांनी एक शब्द गाळला नव्हता. त्याआधी तो टोप डोक्यावर असताना ते काय करायचे? हातात काहीतरी मोडकं घेऊन ते उलटंपालटं करत बसायचे.

“समजलं,” इरफान म्हणाला. “टोप त्यांचं डोकं रोज थोडं थोडं सैल करत असणार, आणि समोर काय, तर यादी. सैल डोकं यादीवर घट्ट झालं.”

“मग उलटं करा,” आक्काताई म्हणाल्या. “आदीचा आलेख घाला परत.”

“तो नाही हो. कोरा आलेख कशाला जपून ठेवायचा म्हणून यंत्र रोज नवा घेतं आणि जुना पुसतं.”

पदराचं टोक मुठीत धरून आक्काताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मामा टोपाच्या गाद्या पुसत होते. एक, दोन, तीन, चार, क्रमाने.

“आहे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “इरफान, केंद्रात टोप घालून बसलेला पहिला माणूस कोण?”

“तुम्ही. दुसऱ्या कुणावर करायच्या आधी तुम्ही स्वतःवर केलं होतंत.”

“आणि त्या सकाळी भवानी कुणी केली होती?”

“मामांनी,” इरफान म्हणाला.

वैजयंतीबाई बोलत राहिल्या, कारण थांबलं असतं तर पुन्हा बोलणं झालं नसतं. “त्याच्या आधी अकरा वर्षं मी एकच निबंध आकडे बदलून लिहीत होते. त्यानंतरच्या वर्षात चार शोध लागले. प्रश्न शेवटाकडून धरायचा, ही माझी पद्धत म्हणून लोक नावाजतात. मीही मिरवलं. ती माझी नाही, मामा. ती तुमची आहे. तुम्ही चढवलेला टोप घालून मी चाळीस मिनिटं खुर्चीत बसले आणि मला वाटायचं, या माणसाला आपण कामावर घेतलंय.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “माझा आलेख घे, इरफान, आणि मामांना दे. जे त्यांचं आहे ते त्यांना परत जाऊ दे.”

आक्काताईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच जरा मायेने पाहिलं.

तयारीला दोन दिवस लागले. मामांना चाळीस मिनिटांत किती प्रवाह द्यायचा हे ठरवण्यासाठी, यादी आल्यापासूनच्या सहाशे सकाळींत त्यांच्या डोक्यात एकूण किती गेला याचा हिशेब हवा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि आक्काताई येऊन थांबले होते. इरफान कागद घेऊन आला तेव्हा त्याने स्वेटर उलटा घातला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“किती?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“म्हणजे?”

“शून्य. शून्यचाचणीत प्रवाह बंदच असतो. कुलूप मीच घातलंय, तेव्हा यंत्र फक्त टिपून घेतं. मामांच्या डोक्यात तीन वर्षांत मुंगीला चावेल एवढाही प्रवाह गेलेला नाही. टोपाच्या जागी फेटा बांधून बसले असते तरी हेच झालं असतं.”

आक्काताई म्हणाल्या, “म्हंजे नुस्त्या वाचण्यानं?”

“नुसत्या वाचण्यानं,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “रोज, त्याच वेळी, मोठ्याने, मन लावून. आम्ही चाळीस मिनिटांत यंत्राने जे करतो ते यांनी दोन वर्षांत यंत्राशिवाय केलं. माझी यादी वाचून. अरे देवा, मी ती अर्ध्या तासात खरडली होती!”

“मग बसू द्या त्यास्नी,” आक्काताई म्हणाल्या. “लावा टोप.”

मामा खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“मी लिवून आणलंय,” ते म्हणाले. “एक. म्याडमच्या डोक्यात आता माझं किती आनि त्यांचं किती, ह्ये कुणालाच ठावं न्हाई. दोन. मी उठल्यावर आक्काशी म्याडमसारखं बोलाय लागलो तर घरात लई अवघड हुईल. तीन. ह्ये माझ्या डोक्यात कुणी वरनं वतलेलं न्हाई. माझं मीच रोज थोडं थोडं केलंय. तवा काढायचं तर मीच काढीन.” त्यांनी कागदावर तीन खुणा केल्या. मग ते थांबले, आणि कागदावर नसलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडातून फार कष्टाने बाहेर आलं. “मलाबी परत यायचंय गं, आक्का.”

आक्काताई ढसाढसा रडल्या. इरफान खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

उपाय ठरला तो असा. यादी भिंतीवरून काढायची आणि तिच्यातल्या तपासण्या इरफानने आपल्या यंत्राकडून करून घ्यायच्या. घरी रोज सकाळी सहाला, चहाबरोबर, आक्काताईंनी नवऱ्यापुढे एक वस्तू ठेवायची आणि तिच्याबद्दल असा प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसेल. वस्तू रोज नवी आणि प्रश्नही रोज नवा. केंद्राचं काम तोवर बंद. वैजयंतीबाईंनी तिन्ही वर्षांच्या लोकांना बोलावून झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली आणि हाच सकाळचा उपाय त्यांनाही दिला. तारळेकर फार रागावले. मग त्यांनी रागावर कविता केली, आणि तिला क्रमांक घालायचं ते विसरले.

मामांचं मात्र काही हलेना.

आक्काताई फोनवर सांगायच्या. “आज फुटकी बरणी ठेवली. म्हटलं, हिचं गाणं कसं करायचं? तर म्हनत्यात, एक, बरणी फुटल्याची खात्री करावी.” दुसऱ्या आठवड्यात, “छत्रीची काडी दिली. म्हटलं, हिनं दूध तापवायचं कसं? न्हाईच.” पाचव्या आठवड्यात, “बाई, वस्तू संपल्या घरातल्या. आता शेजारनं मागून आणतो. वस्तू मिळंल वो, पर रोज नवा प्रश्न कुठनं आणू? पहाटेपासनं डोकं खाजवाय लागतंय.” वैजयंतीबाई धीर द्यायच्या आणि फोन ठेवल्यावर स्वतःच धीर सोडायच्या.

अकराव्या आठवड्यात आक्काताईंनी दोघांना रविवारी जेवायला बोलावलं.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत शिरताच गर्दी दिसली. गल्लीचं हवापाणी यंत्र बंद पडलं होतं. आठ फूट उंचीचं, पुढे जाळी, खाली तोटी. बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या. पंखा आत जोरात फिरत होता आणि तोटीतून थेंब येत नव्हता. यंत्रापुढे स्टुलावर श्रीपतीमामा बसले होते, मांडीवर जाडजूड माहितीपुस्तक.

“कलम नऊ,” ते वाचत होते. “वरील सर्व करूनही पाणी न आल्यास कंपनीच्या माणसास बोलवावे.” त्यांनी मान वर केली. “बोलवलाय. गुरुवारी येनार.”

“गुरुवारपातूर काय तोंड बघत बसू?” एक म्हातारी कडाडली.

जुने मामा असते तर एव्हाना यंत्र भुईवर आडवं पडलं असतं.

घरातून आक्काताई बाहेर आल्या. हाताला कणीक लागलेली. त्यांनी पाहुण्यांना ‘बसा वो, चपात्याच लाटाय लागलोय’ म्हटलं आणि यंत्राकडे एक नजर टाकली. मग त्या थांबल्या आणि मान वाकडी करून बघत राहिल्या.

“पंखा फिरतोय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मग पाणी कशापायी शोधताय सगळी? हवा कुठनं आत जातीय ती शोधा की.”

त्या आत जाऊन देवापुढची जळती उदबत्ती घेऊन आल्या आणि यंत्राभोवती सावकाश फिरल्या. पुढच्या जाळीपाशी धूर सरळ वर जात होता, आत जातच नव्हता. मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, तो एकदम वाकला आणि पत्र्याच्या एका फटीत सुळकन शिरला. हवा जाळीमागच्या, पाणी काढणाऱ्या गार नळ्यांवरून न येता चोरवाटेने येत होती. आक्काताईंनी हातावरची कणीक खरवडून काढली, फटीत दाबली आणि अंगठ्याने सारखी केली. पुढची जाळी फडफडली. मिनिटभराने तोटीतून पाणी पडायला लागलं.

गल्लीत एकच गलका झाला. “काय डोकं हाय गं, आक्का!” म्हातारी म्हणाली. “परवा माझं पाळण्याचं बी हिनंच केलं.” “आनि आमच्या शिलाई मशीनचं!” दुसरी म्हणाली.

इरफानने वैजयंतीबाईंचा दंड पकडला. “मॅडम, सत्त्याहत्तर सकाळी नवा प्रश्न कोण शोधत होतं?”

“आक्काताई,” वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना आपल्या सगळ्या विद्येचं हसू आलं. “आपण उत्तर देणाऱ्याकडे बघत बसलो. पहाटेपासून डोकं खाजवत होत्या त्या!”

पण लगेच त्यांना मामा आठवले आणि हसू गेलं. मामा स्टुलावरून उठून यंत्राच्या मागे गेले होते. त्यांनी वाकून ती कणीक बघितली. बोटाने चाचपली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“अगं, ह्ये उन्हानं वाळंल,” ते म्हणाले. “सांजच्याला तडकंल. मग परत गळाय लागंल.”

“मग बघा की पुस्तकात,” आक्काताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “कणकेचं कलम हाय का?”

मामांनी पुस्तक उघडलं. पानं चाळली. नव्हतं. ते पुस्तकाकडे बघत राहिले, मग फटीकडे, मग परत पुस्तकाकडे. आणि एकाएकी त्यांनी पुस्तकाचं जाड प्लास्टिकचं वेष्टण टर्रकन फाडून काढलं, तरातरा घरात जाऊन चुलीवर धरलं, मऊ झालेलं तसंच आणून फटीवर थापलं आणि मुठीने दाबून बसवलं. पुस्तकाची पानं गल्लीभर उडाली. ती गोळा करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

“नवं कोरं पुस्तक फाडलासा व्हय?” आक्काताई ओरडल्या. “कंपनीच्या माणसाला काय तोंड दाखवू? अकला गहाण ठेवल्यात!” शिव्यांचा पट्टा सुटला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मामा बोटं भाजली म्हणून फुंकर घालत उभे होते आणि बायकोकडे बघून हसत होते, कसल्याही क्रमाशिवाय.

जरा वेळाने वैजयंतीबाई पुढे झाल्या. “आक्काताई, आता सकाळची वस्तू बंद केली तरी चालेल तुम्हाला.”

“बंद?” आक्काताईंनी पदराने डोळे पुसले. “आवं बाई, चौतीस वर्सं ह्यांच्याच डोक्याची गंमत बघत बसलो. बावन्नाव्या वर्सी आता कुठं माझ्याबी डोक्यात सकाळ उजाडली की काय काय याय लागलंय. ते आनि बंद करू?” त्या नवऱ्याकडे वळल्या. “उद्यापासनं वस्तू तुमी आणायची, आनि प्रश्न बी तुमीच इचारायचा. मी बसनार. सोपा आणलासा तर च्या मिळायचा न्हाई.”

मामा डोकं खाजवत उभे राहिले. खिशातला कागद-पेन त्यांनी बाहेर काढला, आणि तसाच इरफानच्या हातात दिला. मग ते गल्लीच्या टोकाला, भंगारवाल्याच्या बाजूला, भराभरा चालायला लागले.

“आता कुठं निघालासा?” आक्काताई मागून ओरडल्या. “पावनी उपाशी हैत!”

“वाढ तू त्यास्नी!” मामा वळून न बघता ओरडले. “उद्याचं बघाय नगो व्हय?”